हार घातलेला राउटर

झेंडूचा वास आला की मला अमरावतीतलं आमचं इंटरनेटचं ऑफिस आठवतं. दसऱ्याच्या सकाळी मालकांनी रुबाबात स्वतःच नव्या कोऱ्या राउटरवर बीजीपीची सेटिंग टाकली. आमच्याकडे यायचा रस्ता बाहेरच्या जगाला तिच्यावरूनच कळायचा. "भाऊ, आधी सेव्ह करा," मी म्हटलं. "तू मले शिकवून राहिला काय? पयले पूजा," म्हणत त्यांनी पुसायला राउटरच बंद केला. कुंकू लावून, हार घालून चालू केला, तर सेव्ह न केलेली सेटिंग गायब आणि सगळ्या ग्राहकांचं इंटरनेट ठप्प. "अकोल्यातच केबल तुटली जी, आमी काय करावं?" मालक प्रत्येक फोनवर सांगत होते आणि मधूनच मला आपट्याचं सोनं देत होते. आजही त्यांच्यापेक्षा मला तो रिकामा राउटरच बरा वाटतो. तो निदान खोटं तरी बोलत नव्हता.