प्रसन्नचे एकशे छप्पन्न दिवस

नेदरलँड्समधल्या आल्मेरेतला प्रसन्न हा इतका सरळ माणूस, की चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरही हिरव्या सिग्नलची वाट बघत सायकल धरून उभा राहतो. अशा माणसाला घटस्फोट तरी कसा जमला, असं मित्र विचारायचे. तोही सरळच जमला. बायको, चारुता, पहिल्या गावी हूफडॉर्पलाच राहिली, त्याने परवडतं म्हणून आल्मेरेत घर घेतलं. नऊ वर्षांची भार्गवी गुरुवार, शुक्रवार, शनिवार बापाकडे आणि उरलेले दिवस आईकडे. शाळा हूफडॉर्पची, त्यामुळे बापाच्या वारी दोघं पेंगत पेंगत सकाळची ट्रेन पकडायची. तक्रार नाही हो, उलट तोच त्याचा आवडता प्रवास.

एप्रिल आला आणि गेल्या वर्षाचा टॅक्सचा फॉर्म भरायची वेळ झाली. पालिकेच्या दफ्तरी भार्गवीचा पत्ता आईचा. अशा वेळी बापालाही मुलीपायी सवलत हवी, तर ती वर्षात निदान एकशे छप्पन्न दिवस त्याच्याकडे राहिलेली असावी लागते. आठवड्याचे तीन, बावन्न आठवडे, झालं की! पण मोजल्याशिवाय गप्प बसेल तर तो प्रसन्न कसला? भार्गवीच्या प्रत्येक दिवसाला तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करायचा. ते जुनं कॅलेंडर काढून त्याने बोट ठेवून मोजलं. एकशे एकोणपन्नास.

सात शनिवार कुठे गेले ते त्याला लगेच कळलं. गणपतीच्या लेझमीची तालीम असायची हूफडॉर्पला, शनिवारी. चारुता विचारायची, आणि हा दानशूर ‘असू दे, राहू दे तुझ्याकडेच’ म्हणत एकेक शनिवार देऊन टाकायचा.

ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं, ठोकून दे एकशे छप्पन्न, कोण मोजायला येतंय? ते त्याने एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडून दिलं. सवलत गेली तर गेली. पण मूल तुमच्याकडे राहतं का, या प्रश्नापुढे आपल्याच हाताने ‘नाही’ लिहायचं, हे काही त्याच्याकडून होईना.

शनिवारी संध्याकाळी चारुता लेकीला न्यायला आली, तेव्हा स्वारी कॅलेंडर पुढ्यात घेऊन तोंड पाडून बसलेली. काय झालं, तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. भार्गवीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. तिने मार्चचं पान काढलं आणि विचारलं, “पपा, व्हेअर इज माय चिकनपॉक्स?”

खरंच की. गेल्या वर्षीच्या मार्चात तिला कांजिण्या आल्या होत्या. चारुताला लहानपणी कांजिण्या झालेल्या नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी तिला लांब राहायला सांगितलं. सलग बारा दिवस भार्गवी आल्मेरेत होती. प्रसन्नने तिला मलम लावलं, मऊ भात भरवला, नखं कापली. आणि कॅलेंडरवर गोल किती? चार. त्याच्या वाट्याचे तेवढेच.

बाकीचे आठ का नाहीत, चारुताने विचारलं. तो पुटपुटला, की ते दिवस तिचे होते; तिची अडचण होती म्हणून त्याने लेकीला ठेवून घेतलं. केलेली मदत काय मोजायची?

चारुता हसली नाही.

“मदत शेजारी करतात, प्रसन्न. तिने खाजवू नये म्हणून बारा दिवस तिचे हात धरून बसलास. तू बाप आहेस तिचा.”

भार्गवीने लाल पेन घेतलं आणि त्या आठ कोऱ्या चौकोनांत गोल नाही, ठिपके काढले, अंगावर होते तसेच, भरपूर. प्रसन्नने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. चारुताची ट्रेन चुकली, तरी ती शेजारी उभी राहिली. एकशे सत्तावन्न भरले.

मग त्याने फॉर्म उघडला, ‘हो’वर टिचकी मारली आणि दोघींच्या देखत डोळे पुसले.