सातव्या दगडापर्यंत

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं आणि दुष्काळानं विहिरी आटल्या होत्या, त्या उन्हाळ्यात मी सुमतीची वही पिशवीत घालून इस्लापूरला निघालो. सुमती माझी बायको. वर्षापूर्वी गेली. किनवटकडच्या गोंडांची जुन्या महापुराची गाणी ती लिहून घ्यायची. शेवटचं गाणं चौथ्या कडव्यावर थांबलं होतं. पुढचं मिळालं तरच वही पुरी होणार होती.

नदीकाठच्या गुड्यावर (वस्तीवर) भीमबाई नावाच्या म्हातारीनं ज्वारीची आंबील पाजली. मी वही उघडून मांडी घातली.

"बसून न्हाई मिळत हे, गुरुजी. उठा!"

तिनं मला थेट कोरड्या पात्रात नेलं. तिथं पहिला दगड होता. सातवा टेकडीच्या माथ्यावर. पूर्वी पाणी जसं चढलं, तसं दगडागणिक एक कडवं. गाणारी पुढं, आणि मागून येणाऱ्या गुड्यावरच्या तीन बाया म्हणजे पाणी. त्यांनी गाठलं की बुडालात!

"दुष्काळात पुराचं गाणं?" मी विचारलं.

"मंग कवा? पूर आल्यावर शिकवू?"

'येर (पाणी) आलं, येर आलं' म्हणत म्हातारी सुटली. मी धोतर सावरत मागं. चौथ्या दगडापर्यंत एकही घर नव्हतं. गुडा सगळा त्याच्या वर.

"तुमच्या बाईला इथं दम लागला," भीमबाई म्हणाली. "म्हनलं, वरचं इथंच सांगते. तर म्हनली, चढीन तवाच लिहीन."

पाचव्यापाशी माझी चप्पल निसटली आणि मागंच राहिली.

"बुडाले! गुरुजी बुडाले!" बाया खिदळल्या. कितीतरी दिवसांनी मीही पोट धरून हसलो. सहाव्यापाशी, एवढ्या उंचावर, मातीत नदीतले गुळगुळीत गोटे आणि शिंपले होते. मी खिसे भरले.

"सातव्याला कडवं न्हाई," माथ्यावर भीमबाई म्हणाली. "खाली राहिलेल्यांना हाका मारायच्या. पोचलेल्यांनी त्यांच्या वतीनं ओ द्यायची."

वर्षभरात मी ते नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"सुमती."

"जोरात, गुरुजी! बाई पार चौथ्याला हाय."

"सुमतीऽऽ!"

"ओऽऽ!" तिघी एकदम ओरडल्या. "आले, आले!"

लातूरला परतून मी पाचवं, सहावं कडवं उतरवलं. सातव्या पानावर तिचं नाव लिहिलं आणि खाली ती ओ. वही पुरी झाली. चप्पल कुठं गेली, असं शेजारी विचारतात. पुरात वाहून गेली, असं मी अगदी गंभीरपणे सांगतो.