तीन नंबरची लव

अंधार. त्या अंधारात शटर कंबरेएवढं वर जातं, खालून उजेडाची एक पट्टी आत शिरते आणि फरशीवरून सरपटत पहिल्या टेबलाच्या पायापाशी थांबते. मग खटक्यांचा आवाज, एकापाठोपाठ एक पाच. प्रत्येक टेबलावर टांगलेला लांबट दिवा पेटतो. पाच पांढऱ्या चादरी, त्यांच्याखाली पाच टेबलं, भिंतीलगत खुर्च्या, खुर्च्यांमागे रांगेत उभ्या क्यू, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या. पात्र एकच, तेही पासष्टीचं. गुडघ्यावर हात ठेवून वाकलेलं, डावा डोळा मिटून टेबलाच्या कडेवरून पलीकडे बघणारं.

या पात्राला सगळे पाणसळकाका म्हणत. फरशी सपाट आहे का हे गवंडी ज्याने बघतो ती पाणसळ. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की काम पास. काकांच्या खिशात अशी एक वीतभर पाणसळ कायम असे. पूल या खेळाची टेबलं उभी करायची, त्यांची पातळी साधायची, त्यांच्यावर कापड चढवायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. घरीही सवय सुटली नव्हती. लग्नानंतर आठवडाभरात त्यांनी पलंग, कपाट आणि शेगडी यांच्या पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवले होते. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "माहेरच्यांनी मुलगा सरळ आहे एवढंच बघितलं. एवढा सपाट असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नाही."

हॉल जुन्या मालकांनी काढलेला. चांगला हॉल कोणता, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "हरलेल्याला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही, तो." बाकी सगळी मांडणी याच एका वाक्यातून निघाली होती. दिवे अशा उंचीवर की बॉलची सावली बॉलच्या पोटाखालीच राहावी. खिडकी एकही नाही. घड्याळ दाराच्या वर, म्हणजे खेळणाऱ्याच्या पाठीशी. गाणी नाहीत. खुर्च्या उंच, बसल्याजागी खेळणाऱ्याचा कोपर दिसेल अशा. कारण जाणकार माणूस बॉलकडे बघत नाही, कोपराकडे बघतो. आणि एखादा खेळाडू नेम धरायला वाकला की शेजारून जाणारा माणूस पाऊल उचललेलं तसंच ठेवून थांबे. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. चांगल्या नाटकाला शिंक दाबून धरणारा प्रेक्षक असतो ना, तसं.

पण सगळा डोलारा उभा टेबलांवर, आणि टेबलं काकांच्या बोटांवर. टेबलाच्या पोटात दगडाच्या तीन लाद्या असतात. त्यांचे सांधे मेणाने भरून वर लोकरी कापड ताणून बसवायचं. कापडाला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एका दिशेने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. डाव जिथून फोडतात त्या टोकाकडून समोरच्या टोकाकडे लव गेली पाहिजे. ती उलटी बसली तर जोरात मारलेल्या बॉलला काही होत नाही. हळू सोडलेला बॉल मात्र शेवटच्या हातभर अंतरात रेंगाळतो आणि भलतीकडे वळतो.

कारखानेवाले लवेची दिशा दाखवणारा बाण कापडाच्या कडेवर छापतात. काका ती कड सर्वांत आधी कापून फेकत. "बाण बघून चालायला मी काय रस्ता चुकलोय?" मग डोळे मिटून कापडावरून तीन बोटं फिरवत आणि म्हणत, "हं. इकडून."

दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर गेली, आणि हळूहळू बोटांचे शेंडे काकांशी बोलेनासे झाले. आधी खिशातलं नाणं कितीचं ते कळेना. मग एका सकाळी त्यांनी शेगडीवरचं पातेलं उतरवलं आणि काकू ओरडल्या. बोटाची कातडी पांढरी पडली होती.

"भाजलं तरी बोलला नाहीत?"

"कामाचे हात आहेत. निबर होतात."

"चाळीस वर्षं निबर नव्हते, आता झाले? बाईंना सांगा. थोडे दिवस काम बंद ठेवा."

बाई म्हणजे जुन्या मालकांची मुलगी. काकांनी तिला कडेवर घेऊन टेबलावर बसवलं होतं. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते तिला 'पोरी'ऐवजी 'बाई' म्हणू लागले, ती कितीही रागावली तरी. बाईंना त्यांनी बोटांचं काही सांगितलं नाही. आणि महिन्याभरात तीन नंबरच्या टेबलाला नवं कापड चढवलं. डोळे मिटले, बोटं फिरवली, काहीच जाणवलं नाही, तरी म्हणाले, "हं. इकडून."

पंधरा दिवसांनी हॉलमधल्या नेहमीच्या खेळाडूंची वर्षाची स्पर्धा होती. शेवटचा डाव रविवारी दुपारी, तीन नंबरवर. एका बाजूला बँकेतला एक तरणाबांड कारकून, दुसऱ्या बाजूला पोस्टमन. हा पोस्टमन नोकरीतून निवृत्त झालेला, पंचवीस वर्षं याच टेबलावर खेळणारा. त्याची ख्याती हळू बॉलची. बॉल असा सोडायचा की तो पॉकेटच्या ओठावर जाऊन आत जाऊ की नको असा विचार करी, आणि मग जाई. त्या दुपारी बॉल ओठापर्यंत गेले आणि बाजूला झाले. एक, दोन, चार. कुणीतरी म्हणालं, "पोस्टमन, पत्रं शेजाऱ्याकडे टाकताय."

पोस्टमन सरळ उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काका, तीन नंबर जरा ओढतंय का हो?"

इतक्या वर्षांत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. काका उठले, खिशातून पाणसळ काढली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. आधी आडवी, मग उभी. सगळे जवळ आले. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येऊन थांबला.

"टेबल सरळ आहे," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "वाकडं काय आहे ते आता तुम्हीच शोधा."

हॉल हसला. काकांच्या जन्मात त्यांना असा हशा मिळाला नव्हता. पोस्टमनही कसंनुसं हसला, डाव हरला, क्यू पुसून पिशवीत घातली आणि जाताना बाईंना म्हणाला, "हात गेला माझा. वय झालं." त्यानंतर तो आला नाही.

महिना गेला. एका सकाळी झाडणारी मावशी दारात झाडू टेकून उभी राहिली.

"काका, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"इथून बघितलं की चार टेबलं काळपट हिरवी दिसतात. तीन नंबर तेवढं पांढुरकं. ब्रश मारला की तर ते फुगतंच, चिडल्यासारखं. कापड वेगळं आहे का?"

काका तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षांत दारातून टेबलं बघायची त्यांना गरज पडली नव्हती. मग ते आत गेले, पांढरा बॉल घेतला आणि तीन नंबरवर हाताने अगदी हळू सोडला. बॉल सरळ गेला, सरळ गेला, शेवटी दमल्यासारखा झाला आणि डावीकडे वळला.

"वेगळं आहे का?" मावशीने पुन्हा विचारलं.

"तुझ्या कामाला लाग," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुझी नजर चांगली आहे."

त्याच दुपारी ते पोस्टमनच्या घरी गेले. पोस्टमन खिडकीपाशी बसून एका डब्यातले स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे करत होता. क्यूची पिशवी कपाटावर, जुन्या सुटकेसच्या खाली दडपलेली.

"या काका. जिना वाकडा आहे, आधीच सांगतो. पाणसळ काढू नका."

"तीन नंबरचं कापड उलटं लागलंय. मी लावलंय."

पोस्टमनने हातातला स्क्रू खाली ठेवला. "कुणी पाठवलं? बाईंनी?"

"कुणी नाही."

"काका, तुम्ही कधी चूक कबूल केलेली मला आठवत नाही. कापड उलटं, आणि तेही तुमच्या हातून? उद्या सांगाल, मासा बुडून मेला." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "एवढा का मी केविलवाणा दिसतो, की तुम्ही जिने चढून खोटं बोलायला यावं?"

"खोटं नाही."

"मग कसं झालं सांगा."

 बोटांचं सांगितलं की काम गेलं. काम गेलं की उरलेल्या माणसाचं करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "झालं कसंतरी," ते म्हणाले. अर्धं सांगितलं, म्हणून सगळंच खोटं वाटलं.

"उद्या दहाला या," उठताना ते म्हणाले. "एक बॉल सोडून बघा. तोवर मी कापडाला हात लावत नाही."

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तीन नंबर चादरीखालीच होतं.

"काका, हे बंद का?" बाईंनी विचारलं.

"कापड उलटं आहे."

बाईंनी चादरीचं टोक उचलून बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मग काढून नीट लावा ना. सकाळचं काम. कुणाला कळणारही नाही."

"म्हणूनच नाही काढत."

चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला शटरखालून वाकून पोस्टमन आत आला. क्यू आणली नव्हती. भिंतीवरची एक घेतली, खडू लावला आणि वाकला. मावशीचा झाडू आपोआप थांबला. बॉल निघाला, रेंगाळला, डावीकडे वळला. पोस्टमन टेबलाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेला आणि तिकडून तसाच सोडला. बॉल सरळ पॉकेटमध्ये गेला.

तो खुर्चीत बसला. "पण बुडबुडा तर मधोमध होता."

"दगड सपाटच आहे. तुम्ही कापडाचं विचारलंत, मी दगड दाखवला."

"सगळे हसले होते, काका."

"मीसुद्धा."

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं. टेबलं लावायला आता बाहेरून एक माणूस येतो. तो बाण बघून कापड लावतो, आणि बरोबर लावतो. पोस्टमन पुन्हा खेळायला लागला, पण हळू बॉल सोडण्याआधी त्याचा कोपर किंचित अडखळतो. ते अडखळणं गेलं नाही. काका आणखी दोन वर्षं जगले. त्या हॉलमध्ये पुन्हा आले नाहीत. घरी पलंगाचा एक पाय खचला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला, असं काकू सांगतात.

त्या सकाळी मात्र दोघांनी मिळून टेबलाच्या कडेच्या पट्ट्या सोडवल्या, पिना उपसल्या आणि कापड उचललं. खाली राखाडी दगड आणि मेणाच्या दोन बारीक रेघा. कापड झटकताना दोन्ही टोकांची अदलाबदल झाली, आणि कुठलं टोक कुठलं ते कळेनासं झालं. काकांनी ते दगडावर पसरलं. त्यांनी गाल टेकवला असता तर कळलं असतं. दारात जाऊन बघितलं असतं तरी कळलं असतं. त्यांनी सवयीने डोळे मिटले आणि तीन बोटं फिरवली. एकदा इकडून, एकदा तिकडून. मावशी बघत होती. हिशेबाच्या टेबलामागे बाईही उभ्या राहिल्या होत्या. काकांनी डोळे उघडले, हात मागे घेतला आणि पोस्टमनला जागा करून दिली.

"तुम्ही फिरवा हात, आणि कुठल्या बाजूला मऊ लागतंय ते सांगा. माझ्या बोटांना काही कळत नाही."