घंटेच्या घराची जाळी

"लांबून बघू द्या, मग सांगतो." नेकनूरचे जमील मिस्त्री कुठलंही काम संपलं की एवढंच म्हणायचे. थापी धुवायचे, शंभर पावलं मागं जायचे, डोळे बारीक करून बघायचे. वाकडं दिसलं तर स्वतःच पाडायचे.

आमच्या चर्चची घंटा दोन लाकडांच्या मध्ये उघडीच टांगलेली होती. गेल्या वर्षी मिस्त्रींनी छपरावर तिच्यासाठी घर बांधलं. माणूसभर उंच, वर छोटा घुमट, चारी बाजूंना कमानी, आणि कमानींत हातानं ओतलेली सिमेंटची जाळी. कबुतराचं पिल्लूही आत शिरू नये अशी बारीक वेलबुट्टी. असं काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही, असं ते स्वतःच सांगत. लांबून बघितलं. पसंत पडलं.

भामाबाईचे डोळे लहानपणीच देवीच्या आजारात गेलेले. ओढ्यापलीकडे एकटी राहते. रविवारी घंटेचा आवाज समोर धरून ती सरळ चालत यायची. नव्या घरातली घंटा वाजली आणि भामाबाई वाट चुकून बाभळींत शिरली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी उंबऱ्यातच बसून राहिली.

मिस्त्रींच्या कानावर गेलं. पुढच्या रविवारी ते थेट तिच्या दारात आले.

"काय झालं, आक्का?"

"जमीलभाई, लई देखणं बांधलं म्हणत्यात. पर आवाज सगळीकडून येतोय. मी कुणीकडं चालू?"

"कुणाचा तरी हात धरायचा."

"साठ वर्सं न्हाई धरला. आता कावून धरू?"

तिकडे चर्चची घंटा वाजवणाऱ्या सिदूनं दोर ओढला. मिस्त्री डोळे मिटून उभे राहिले. आवाज थांबला तरी उभेच.

"म्या नुसतं बघितलं, आक्का," ते म्हणाले. "ऐकलंच न्हाई."

दुपारी छिन्नी घेऊन छपरावर चढले.

"चाचा, कबुतरं येतील," सिदू म्हणाला.

"येऊ दे बे. त्यांना दिसतंय. आक्काला न्हाई."

ओढ्याकडची जाळी त्यांनी फोडून काढली.

पुढच्या रविवारी पहिल्या घंटेला भामाबाई ओढा उतरली आणि बाभळी डावीकडं ठेवून थेट पायरीशी आली. तिथं मिस्त्री उभे होते.

"जमीलभाई ना? सिमीटाचा वास येतोय. आता लांबून बघून सांगा की, कसं दिसतंय."

मिस्त्री हसले आणि फाट्याकडं चालू लागले. दुसरी घंटा सुरू झाली. शंभर पावलांवर ते थांबले, पाठ चर्चकडंच ठेवून. घंटा संपेपर्यंत तसेच उभे होते, मग पुढं निघाले. ते फाट्याला वळेपर्यंत सिदू छपरावरून, हातात दोर धरून, बघत राहिला.