आत्याची भुतं

भुताचा सिनेमा बघताना आत्याला भीती वाटत नसे, भुताची दया येत असे. "किती वाळून गेला गा हा. याले कोणी जेवाले विचारत नसन," असं ती अगदी मनापासून म्हणायची.

आत्या जाऊन आता वर्ष होईल. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर जरीपटका वस्तीतल्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोर बसून ती जुने, कृष्णधवल, कुठल्या कुठल्या देशांतले स्वस्तातले भूतपट लावायची. भाषा कळत नसे. तिचं काही अडत नसे. मी कामाला होतो त्या बुटीबोरीच्या कारखान्याला सुटी असली की मीही शेजारी जाऊन बसायचो.

त्या सिनेमांत वटवाघळाचा दोरा स्पष्ट दिसे. एकच भिंत सगळ्या घरांना पुरवलेली असे. मी हसलो की आत्या रागवायची. "पैसे नव्हते बिचाऱ्यांपाशी. तरी भेव दाखवाची हौस पाहा."

एकदा मी तिला कौतुकानं नवा, रंगीत भूतपट दाखवला. थोडा वेळ बघून म्हणाली, "यात सारंच दिसून राहिलं. मंग अंधारानं काय करावं?"

तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात मी मोबाइलवर तसाच एक सिनेमा लावला. एका ओसाड बंगल्यात भूत फिरत होतं. आत्यानं माझा हात धरला.

"मले भेव वाटून राहिलं."

"सिनेमाचं?"

"नाही गा. उद्याचं."

मी सिनेमा थांबवला आणि तिचा हात धरून बसलो.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर तिनं आधी तो अर्धा राहिलेला सिनेमा लावायला सांगितला. शेवटी कळलं, भूत नव्हतंच. बंगल्याचा म्हातारा रखवालदार चादर पांघरून फिरायचा. आत्या माझ्याकडे वळली.

"म्हणजे तो इतके दिवस एकटाच होता त्या घरात?"

आमच्याकडे राहायला चल, असं मी तिला पूर्वी कितीदा म्हटलं होतं. दर वेळी नाही म्हणायची. त्या दिवशी पुन्हा विचारलं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"टीव्ही कोणत्या खोलीत हाय तुमच्याकडं?" तिनं विचारलं.