भाकरी बसली, मी राहिले

पाटी न वाचता गाडीच्या खिडकीतून गाठोडं टाकणाऱ्या बाईला शहाणी म्हणायचं का? मी टाकलं होतं. आणि वर ऐटीत! जागा धरण्यात ओतूरच्या स्टँडवर आपला हात कुणी धरणार नाही, असा तेव्हा माझा समज.

नारायणगावच्या अलीकडं, रस्त्याकडेच्या शेडवर कांदा निवडायचं काम मिळालं होतं. पहिलाच दिवस. उशीर झाला तर परत येऊ नका, असं मुकादमानं बजावलेलं. घरी मालक अंथरुणाला, कमावती मी एकटी. खोली स्टँडच्या मागंच, पण उपयोग काय? शेडपाशी थांबणारी साधी गाडी सकाळी एकच, पुढची थेट दुपारी.

भाकरीचं गाठोडं सीटवर पडलं, मी दाराशी गेले, तर कंडक्टर म्हणाला, ही जलद, मधी थांबत नाही, बसायचं तर पुण्याला चला. गाठोडं मागून घ्यायचं सोडून मी बया त्याच्याशी हुज्जत घालत उभी. घंटी वाजली, गाडी सुटली. मी पदर सावरत तिच्यामागं बोंबलत पळाले, आणि तेवढ्यात माझी साधी गाडी पाठीमागून निघून गेली.

पळत फाट्यापर्यंत आले होते, तिथंच रडायच्या बेतात उभी राहिले. शेडवर जाणाऱ्या बायांची पिकअप आली. ओतूरच्या पलीकडच्या कुठल्याशा गावची, ठासून भरलेली. तरी एकीनं दंडाला धरून मला वर ओढलं. रोज न्यायला जागा नाही, हे तिनं वाटेतच सांगून टाकलं. खोटी आशा लावली नाही, बरंच केलं. दुपारी मात्र प्रत्येकीनं आपल्यातला तुकडा मोडला. कुणाची बाजरी, कुणाची ज्वारी, वर लसणाचा ठेचा. त्या जेवणाचं देणं माझ्यावर अजून आहे, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

काम टिकलं, पण साधी गाडी रोज वेळेवर येईलच असं नाही, हे बायांनी सांगितलेलं; उद्याचं काय, हाच घोर घेऊन संध्याकाळी स्टँडवर उतरले. सकाळचा कंडक्टर गाठोडं घेऊन उभा. मान खाली घालून मी त्याला शेडचं, मुकादमाचं, सगळं सांगितलं. त्यानं गाठोडं माझ्या हातात दिलं.

"मावशी, तुमची भाकरी खिडकीपाशी बसून पुण्याला गेली, बसूनच आली, कुणी उठवली न्हाई. उद्या तुमी बसा, शेडपाशी गाडी उभी करतो."