सोळा नंबर, काट्यावर या

बोंडअळीच्या सालची गोष्ट. आभाळ भरून आलेलं, आणि सकाळीच फुलसावंगी रोडवरच्या एका जिनिंगमधून फोन... तुमचा कॉम्प्युटर बिघडला, लवकर या.

तिथे कापसाच्या गाड्यांचे नंबर पुकारायचा छोटा प्रोग्राम त्याच हंगामात मीच लिहून दिला होता. शाळा दहावीपर्यंत, बाकी सगळं दुकानात बसून शिकलेलो. भोंग्यावरचा रेकॉर्ड केलेला आवाजही माझाच... हौस दांडगी.

त्या हंगामात माल इतका कमी, की दिवसाला सात-आठ गाड्यांच्या वर आकडा गेलाच नव्हता. त्या दिवशी पावसाच्या धास्तीनं वीसच्या वर आल्या आणि माझी चूक उघडी पडली. प्रोग्राम आकड्यांना अक्षरांसारखं लावत होता. एकनंतर थेट दहा, अकरा, बारा... दोनचा नंबर एकोणीसच्याही मागे.

दोन नंबरची बंडी, म्हणजे बैलगाडी, बंजारा तांड्यावरच्या एका म्हातारीची होती. पहाटेच आलेली. उघड्या कापसावर फक्त एक जुनी साडी बांधलेली, आणि भिजला तर घेणार नाही हे गेटवरच सांगून ठेवलेलं.

दुरुस्ती दोन मिनिटांची. एडिटर उघडला, ओळ बदलली, सेव्ह केलं. भोंगा म्हणाला, "चौदा नंबर, काट्यावर या."

पुन्हा सेव्ह. खात्रीसाठी पुकाऱ्याआधी घंटी वाजवायची एक ओळ घातली आणि कान लावून बसलो. माझे कान तिखट आहेत... पण घंटी नाही, सरळ "पंधरा नंबर". म्हणजे जुनाच कोड चालू.

काट्यावर वजन करणारे रफिकभाई खिडकीतून डोकावले. "भाऊ, आवाज तुमचा हाये, पन आयकत तुमचं नाही."

मी हसलो, पण बाहेर वारा सुटला होता. वैतागून कॉम्प्युटरच बंद केला. पडदा काळा... आणि बाहेर माझाच आवाज, "सोळा नंबर, काट्यावर या."

तेव्हा ट्यूब पेटली. दुरुस्ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरची चालली होती, बोलत होता दुसराच. दिवाळीत ऑफिसचा कॉम्प्युटर रिपेअरला गेला, तेव्हा कामचलाऊ म्हणून मीच काट्याच्या केबिनमधल्या जुन्या मशीनवर कॉपी टाकली, भोंग्याची वायर तिकडे जोडली... आणि विसरलो. दोन्ही मशीन एकमेकांना जोडलेली, गाड्यांच्या नंबरांची यादी दोन्हीकडे सारखीच दिसायची, मग कोणाला पत्ता लागणार?

केबिनकडे पळालो. नवी फाईल टाकण्याआधी वायर काढली, माईक लावला आणि तोंडानेच पुकारलं... "दोन नंबर, काट्यावर या."

म्हातारीचा कापूस शेडमध्ये पडला आणि थोड्याच वेळात थेंब सुरू झाले. मी फाईल बदलत होतो, तेवढ्यात ती केबिनच्या दारात आली.

"भोंग्यात तूच बोलत होता का रे बाप्पा?"

मी हो म्हणालो.

"मंग सकाळपासून तूच मले बसवून ठेवलं." रागानं नाही... जसं आहे तसं म्हणाली.

आकडे, अक्षरं, जुनी कॉपी... सगळं स्पष्टीकरण जिभेवर होतं. पण तिनं दिवसभर ऐकला तो माझाच आवाज. "हो याडी, मीच," एवढंच म्हणालो. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"बरं. मंग आता चहा तं पाज."

प्रोग्राम त्या दिवसापासून चोख चालला, ते मी छाती ठोकून सांगतो. पण "कॉम्प्युटर बिघडला" असं सांगून स्वतःची चूक मी नंतर कधी झाकली नाही... त्या माउलीचे उपकार.